बूस्टर गेला हे कशावरून? जुन्या मर्सिडीजच्या घट्ट ब्रेकबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे काही गैरसमज असेल तर इथेच कळेल. वडिलांची १९८२ सालची मर्सिडीज २४० डी, मॅन्युअल गिअरची. कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वर्षं कव्हर घालून उभी होती. नवी बॅटरी टाकल्यावर इंजिन छान लागलं, पण ब्रेकचं पेडल इतकं घट्ट की सगळा भार टाकावा तेव्हा गाडी थांबते. पायाजवळून सूंऽऽ असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणाले बूस्टर गेला. एखाद्या देशी गाडीचा बूस्टर बसवू, नाहीतर बूस्टर काढून ‘डायरेक्ट’ करून देतो. आणि तुम्ही विचारताय की मूळचा बूस्टर कुठे मिळेल आणि तो घरी बसवता येईल का.

पण जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. चावी फिरवून बंद केल्यावर इंजिन पाच-सहा सेकंद चालूच राहतं, ‘ते नंतर बघू’. आणि महिनाभरात ब्रेक ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरलं, पण जमिनीवर डाग नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. बूस्टर बदलायचा की नाही हे त्यांच्या उत्तरावर ठरेल. नुसता बूस्टर बदललात तर सहा महिन्यांनी परत तिथेच याल, आणि या गाडीचा बूस्टर सहा महिन्यांनी परत घ्यावा इतका स्वस्त नाही.

तोवर गाडी गेटबाहेर काढू नका. कॉर्नरपर्यंतसुद्धा नाही.

बूस्टर करतो काय, ते थोडक्यात. पत्र्याचा गोल डबा, मधोमध रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. पेडल सोडलेलं असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की आतला व्हॉल्व्ह ड्रायव्हरकडच्या कप्प्यात केबिनमधली हवा घेतो. आता एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला वातावरणाचा दाब, आणि या फरकामुळे पडदा पुढे सरकून मास्टर सिलिंडरचा (बूस्टरच्या पुढ्यातला, ब्रेक ऑइलला दाब देऊन ते चाकांकडे ढकलणारा भाग) पिस्टन ढकलतो. समजा पडदा नऊ इंची आहे. क्षेत्रफळ झालं साधारण ४१० चौरस सेंटिमीटर. व्हॅक्यूम ५०० मिलिमीटर पाऱ्याचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ६८० ग्रॅमच्या आसपास दाब. म्हणजे कागदावर पावणेतीनशे किलोंचा रेटा. मधलं नळकांडं आणि परतीची स्प्रिंग यांचं वजा जाता थोडा कमी, पण पायाला मिळणारी मदत एवढी मोठी असते. ती गेली की ब्रेक जात नाहीत, फक्त सगळं काम एकट्या पायावर येतं. तुमचं नेमकं तेच झालंय.

पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो. तुमच्या डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही, म्हणून इंजिनच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. डब्ल्यू १२३ (तुमच्या गाडीच्या मालिकेचं कंपनीतलं नाव) डिझेलची गंमत अशी की हाच पंप ब्रेकखेरीज आणखी कामं करतो. चावी बंद केली की इंजेक्शन पंपावरच्या एका छोट्या डायफ्रामला व्हॅक्यूम मिळतो आणि तो डिझेल तोडतो. इंजिन बंद होतं ते त्याने. सेंट्रल लॉकिंग असेल तर दरवाजांची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. तेव्हा इंजिन रेंगाळत बंद होणं आणि पेडल घट्ट होणं हे दोन वेगळे आजार नसून एकच असण्याची शक्यता जास्त. पेट्रोल गाडीत बूस्टरचा पडदा फाटला की आयडलिंग बिघडतं, इंजिन थरथरतं, मेस्त्रीला लगेच कळतं. डिझेलला त्याचं काही सोयरसुतक नसतं, म्हणून लोकांच्या ते लक्षात येत नाही. (इंजिन कधी बंदच झालं नाही तर घाबरू नका. बॉनेट उघडा, इंजेक्शन पंपाजवळ ‘स्टॉप’ लिहिलेला लिव्हर आहे, तो दाबून धरा.)

आवाजाबद्दल एक. पेडल दाबताना क्षणभर सुस्कारा येणं अगदी योग्य आहे, ती हवा आत जाताना होणारच. पण पेडल स्थिर धरल्यावरही सूं चालू राहत असेल, किंवा पाय काढल्यावरही येत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा पडदा गळतोय. आणि आवाज येतोय म्हणजे पंप काहीतरी ओढतोय, अगदी मेलेला नाही, एवढंही त्यातून कळतं. तुमचा आवाज कुठल्या वेळी येतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे.

आता हत्यारांशिवाय करायच्या चाचण्या. चाकांना पुढे-मागे विटा लावा, गिअर न्यूट्रल. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट होईल. ते दाबून धरा आणि इंजिन चालू करा. चांगल्या बूस्टरचं पेडल पायाखाली किंचित खाली जातं. काहीच झालं नाही तर मदत पोहोचत नाहीये. दुसरी चाचणी: मिनिटभर इंजिन चालवून बंद करा, थोडं थांबून पेडल दाबा. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले पाहिजेत, कारण साठवलेला व्हॅक्यूम डब्यात असतो. पहिलाच दाब घट्ट असेल तर व्हॅक्यूम साठत नाही: एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह खराब, किंवा डबा गळका. तिसरी: इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल वर ढकललं गेलं तर गळती आहे.

यातून ‘मदत नाही’ इतकंच कळतं. मदत का नाही हे कळायला गाडी दोन भागांत तोडून बघावी लागते. बूस्टरची जाड नळी बूस्टरकडून काढा, तिच्या तोंडात रबरी बूच ठोका, क्लिप आवळा. इंजिन चालू करा आणि चावीने बंद करा. आता इंजिन झटकन बंद झालं, तर पंप ठीक आणि गळती बूस्टरच्या बाजूला. तरीही रेंगाळलं, तर बूस्टरला हात लावायच्या आधी पंप, नळ्या आणि कुलुपांकडे जाणाऱ्या बारीक फांद्या बघायच्या. दरवाजातला एखादा फाटका रबरी फुगा सगळ्या गाडीचा व्हॅक्यूम खाऊ शकतो. या एका चाचणीला काही खर्च नाही, आणि बूस्टर बदलायला आलेल्या गाड्यांपैकी काही माझ्याकडून याच चाचणीवर बूस्टर न बदलता परत गेल्या आहेत.

व्हॅक्यूम मोजायचं गेज मिळालं तर उत्तमच. पंपाच्या नळीला गेज लावून आयडलिंगवर वाचा. पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात, आणि तिथे हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे हवेचाच दाब ७१० च्या आसपास, त्यामुळे गेजवर पुस्तकापेक्षा चाळीस-पन्नास मिलिमीटर कमी दिसणं हा दोष नाही. ५०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मिळत असेल आणि तोही लवकर चढत असेल, तर मी पंपाला पास करतो. महाबळेश्वरला याच गाडीचं पेडल आणखी थोडं जड लागेल, तेही स्वाभाविक.

नळीकडे लोक बघतच नाहीत. चाळीस वर्षांची नळी बाहेरून काळीभोर, चकचकीत दिसते आणि आतून तिचे पापुद्रे सुटलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे मधे कुणीतरी पाण्याची किंवा डिझेलची साधी नळी बसवलेली असते. ती व्हॅक्यूममध्ये टिकत नाही. पातळ स्ट्रॉ जोरात ओढल्यावर चिकटते तशी आतल्या आत चपटी होते. इंजिन चालू असताना कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि नळी सबंध लांबीभर बोटांनी चाचपा. नळीतला एनआरव्ही काढून फुंका: एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून गेली, तर कदाचित त्या छोट्या तुकड्यावरच तुमचं काम भागेल.

आता ब्रेक ऑइल. डाग नाही पण पातळी उतरते, मग जातं कुठे? पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि पातळी हळूहळू उतरते, हे खरं. पण उभ्या गाडीचे पॅड महिन्यात झिजत नाहीत. तुमची मॅन्युअल आहे, आणि या गाडीत क्लचच्या मास्टर सिलिंडरला ऑइल ब्रेकच्याच डब्यातून जातं. तेव्हा आधी क्लच पेडलखालचं कार्पेट उचलून हात फिरवा, मग गिअरबॉक्सजवळचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बघा. त्यानंतर चारही टायरच्या आतल्या बाजू. कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गळत असेल तर ऑइल टायरच्या आतून ओघळतं आणि जमिनीवर यायच्या आधी धुळीत मुरतं. हे सगळं कोरडं निघालं तर उरते एकच जागा, आणि तीच नेहमीची संशयित: मास्टर सिलिंडरचा मागचा सील. तो गेला की ऑइल बाहेर न येता थेट बूस्टरच्या पोटात उतरतं. खात्री करायला मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे मिळतात त्या जोडाखाली टॉर्च मारा. पत्र्यावरचा रंग फुगलाय, सोललाय, खाली तेलकट ओघळ आहे? मग काही विचारायला नको. ब्रेक ऑइल रंग खातं. शंका असेल तर मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो पाइपांसकट अलगद दोन बोटं पुढे घ्या आणि बूस्टरच्या तोंडात पांढऱ्या कापडाची पट्टी घालून बघा.

क्रम ध्यानात घ्या: आधी मास्टर सिलिंडर गळतो, मग बूस्टर मरतो. पडद्याचं रबर आणि व्हॉल्व्हच्या बारीक सील्स वर्षानुवर्षं ऑइलात भिजत राहावं म्हणून बनवलेल्या नसतात. म्हणून माझा नियम सरळ आहे. बूस्टर ओला निघाला तर मास्टर सिलिंडर त्याच दिवशी बदलायचा किंवा नव्या किटने बांधायचा. किट घालायचं की अख्खा बदलायचा हे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ठरतं. बोटाला खड्डे, गंजाची खरबरीत रेघ लागली तर किट घालून उपयोग नाही, नवी सील त्या रेघेवर घासून परत जाणार. चार वर्षं उभ्या गाडीत, त्यातले चार पावसाळे, ती रेघ नसली तर मला आश्चर्य वाटेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसून लोखंड खातं.

आणखी एक शक्यता, जी निघाली तर तुम्ही पेढे वाटाल. अनेक जर्मन बूस्टरांमध्ये मास्टर सिलिंडरच्या बूस्टरमध्ये शिरणाऱ्या मानेवर एक रबरी ओरिंग, म्हणजे गोल कडं, असते आणि बूस्टरचं पुढचं तोंड तिच्यावरच हवाबंद होतं. ती कडक होऊन चिरली की पुढच्या बाजूने व्हॅक्यूम गळतो आणि लक्षणं अगदी बूस्टर गेल्यासारखी. बूस्टरच्या मानाने ओरिंगची किंमत नगण्य. मास्टर सिलिंडर सुटलाच आहे तर ती बदला, आणि मग हातपंपाने (हाताने व्हॅक्यूम ओढायचा, गेज लावलेला छोटा पंप) बूस्टरची परीक्षा घ्या: ५०० मिलिमीटरपर्यंत ओढा आणि पाच मिनिटं सुईकडे बघत बसा. एकदा पेडल सोडून, एकदा दाबून. सुई हलली नाही तर बूस्टर ठीक आहे, कुणीही काही म्हणो.

समजा सगळं तपासून बूस्टरच गेलेला निघाला. तर गॅरेजवाल्यांच्या दोन सूचनांबद्दल.

‘डायरेक्ट’ करणं, म्हणजे बूस्टर काढून पेडल थेट मास्टर सिलिंडरला जोडणं. याला माझा साफ नकार. लोक पद्मिनी आणि जुन्या अॅम्बेसेडरचं उदाहरण देतात, त्यांना कुठे बूस्टर होता? नव्हता, पण त्यांना ड्रम ब्रेक होते. ड्रममध्ये चाक फिरताना पुढचा लायनर स्वतःहून ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे ड्रम स्वतःची थोडी मदत स्वतः करतो. डिस्कमध्ये असं काही होत नाही. जेवढं दाबाल तेवढंच. तुमच्या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत आणि रिकाम्या गाडीचं वजन चौदाशे किलोंच्या घरात. पेडलचं तरफेचं प्रमाण आणि मास्टर सिलिंडरचा व्यास, दोन्ही बूस्टर गृहीत धरून ठरवलेलं आहे.

देशी गाडीचा बूस्टर बसवणं हे नुसतं भोकं जुळवण्याचं काम नाही. दांडीची लांबी वेगळी, पेडलकडचा काटा वेगळा, पडद्याचा व्यास वेगळा, मग मास्टर सिलिंडरही त्याच गाडीचा घ्यावा लागतो आणि त्याचा व्यास तुमच्या कॅलिपरशी जुळत नाही. मोठ्या व्यासाचा आला तर पेडल घट्ट आणि छोटा प्रवास. लहान आला तर पेडल मऊ पण खोल जाणार. त्यात फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, वेल्डिंग. ज्या गाड्यांचे भाग जगात कुठेच मिळत नाहीत तिथे विचारपूर्वक असं काही करावं लागतं, आणि तेही आकडेमोड करून. डब्ल्यू १२३ ची ती वेळ नाही. १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. भाग मिळतात, फक्त नाक्यावर मिळत नाहीत.

मिळवायचा कुठून? पुण्यात मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली १९९५ मध्ये, पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात, आणि ती पुढच्या पिढीची डब्ल्यू १२४. तुमची त्याआधीची, बाहेरून आलेली, त्यामुळे इथल्या काउंटरवर तयार माल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. ऑर्डर देऊन मागवावा लागेल. नाना पेठेत नळी, क्लिपा, ओरिंग, ब्रेक ऑइल मिळेल, कदाचित सीलही. बूस्टर बहुधा नाही. जुन्या बाजारात किंवा मुंबईला कुर्ल्यात गाडीतून काढलेला मिळू शकतो, पण मी काढलेला बूस्टर तेव्हाच घेतो जेव्हा हातपंप माझ्या खिशात असतो. पाच मिनिटं सुई धरली तर व्यवहार, नाहीतर राम राम. आतून पांढरं कापड ओलं आलं तर तसाच परत ठेवायचा.

बाहेरून मागवताना तीन गोष्टी लिहून विचारा: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचा आहे का, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचा आहे का (उशिराच्या काही डब्ल्यू १२३ ना एबीएस होतं), आणि बनला कधी. ‘जुन्या साठ्यातला, न वापरलेला’ याचं लोकांना फार आकर्षण असतं. खोकं नवं असलं तरी आतलं रबर तीस वर्षांचं असू शकतं. त्यापेक्षा नवा पडदा आणि नव्या सील्स घालून कुणी जाणत्याने बांधलेला बूस्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

बांधायचं काम मात्र घरी नको. या डब्याची दोन अर्धी कडेने दाबून कायमची मिटवलेली असतात आणि आत जाड स्प्रिंग दबलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने कड उचकटणाऱ्याच्या तोंडावर झाकण उडू शकतं. हे काम प्रेस आणि योग्य साचा असणाऱ्याचं.

बसवणं मात्र घरी जमण्यासारखं आहे, घाई नसेल तर. ब्रेक ऑइल आधी सिरिंजने उपसून घ्या. फेंडरवर ओलं जाड फडकं टाका, जवळ पाण्याची बादली ठेवा. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, पाणी ओता. पाइपांचे नट साध्या पान्याने सोडू नका. ते ११ नंबरचे आणि मऊ असतात, गोल झाले की पाइपच बदलावा लागतो. कापलेला रिंग पाना, ज्याला फ्लेअर नट पाना म्हणतात, तो आणा. क्लचची नळी डब्यातून काढलीत की तिचं तोंड लगेच बंद करा, नाहीतर नंतर क्लचचीही हवा काढत बसाल. मग डॅशबोर्डखाली उताणं पडून पेडलची पिन आणि बूस्टरचे चार नट. यात कौशल्य कमी आणि मानदुखी जास्त आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही. एवढंच, की बूस्टर हातात असताना पुढची दांडी ओढून बघायचा मोह टाळा. काही बूस्टरांत तिच्या मागची रबरी चकती निसटून आत पडते, कळतही नाही, आणि नंतर ब्रेक एकदम चावायला लागतात.

आता ज्या कामात बहुतेक नवे बूस्टर बदनाम होतात ते काम: बूस्टरची दांडी आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यामधली फट. पेडल पूर्ण सोडलेलं असताना दांडी पिस्टनला रेटता कामा नये. रेटत असेल तर पिस्टन किंचित पुढे राहतो आणि सिलिंडरमधलं ते बारीक भोक झाकतो, ज्यातून ऑइल डब्यात परत जातं. थंड गाडीत काहीच जाणवत नाही. पाच-सात किलोमीटरनंतर ऑइल तापून फुगतं, परत जायला वाट नसते, आणि ब्रेक आपोआप लागायला लागतात. गाडी जड होते, चाकं तापतात, आणखी तापली की आणखी धरतात. लोक समजतात कॅलिपर जाम झाला. उलट फट जास्त राहिली तर पेडलचा सुरुवातीचा प्रवास फुकट जातो.

मोजायची माझी पद्धत अगदी साधी आहे. स्टेशनरीच्या दुकानात मुलांची खेळायची क्ले मिळते. तिची वाटाण्याएवढी गोळी पिस्टनच्या खळग्यात ठेवा, मास्टर सिलिंडर ओरिंगसकट जागेवर बसवून दोन्ही नट पूर्ण आवळा, पेडलला हात न लावता परत सोडा. दांडीच्या टोकाने क्ले दाबलेली असते. जी पातळ चकती उरली तिची जाडी व्हर्नियरने मोजा, तीच फट. नेमका आकडा तुमच्या बूस्टरच्या माहितीपत्रकातला घ्या. तो नसेल तर मी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास समाधानी असतो. क्ले पूर्ण पिळून दांडी धातूला लागली असेल तर फट नाही, थांबा. काही दांड्यांच्या टोकाला कमी-जास्त करायचा बोल्ट असतो, तिथे काम सोपं. नसेल तर दांडी किंवा शिम, म्हणजे फट जुळवायची पातळ चकती, बदलून जमवावं लागतं. ग्राइंडरवर अंदाजे घासू नका. झाल्यावर क्लेचा कण न कण पुसून काढा.

हवा काढताना दोन गोष्टी. बाहेरची पुस्तकं डाव्या स्टिअरिंगसाठी लिहिलेली असतात आणि मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करा म्हणतात. तुमचा मास्टर सिलिंडर उजवीकडे, तेव्हा सगळ्यांत लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरू करा. दुसरं, जुनाच मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं की सील कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासते आणि काल चांगला असलेला सिलिंडर आज गळतो. ऑइल डॉट ४, नव्या बंद डब्यातलं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ पर्यंत खाली येतं. कपाटातला अर्धा डबा म्हणूनच वापरायचा नाही.

चाचणी आधी पार्किंगमध्ये, वरच्या तिन्ही पद्धतींनी. मग सकाळी लवकर सपाट, मोकळ्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरत. थांबून हाताचा पंजा प्रत्येक चाकाजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक तापलं तर त्या चाकाचा कॅलिपर किंवा आतून सुजलेली रबरी नळी. सगळीच तापली तर फट. तिथल्या तिथे खात्री करायची तर मास्टर सिलिंडरचे नट दोन आटे ढिले करा. चाकं मोकळी झाली तर दांडी लांब आहे. मग गाडी तशीच चालवायची नाही, नट आवळून, गार करून, हळू घरी.

हे सगळं नीट झाल्यावरच दिवे घाट किंवा कात्रज. आणि घाट उतरताना न्यूट्रल किंवा इंजिन बंद करायची जुन्या लोकांची सवय तुमच्या वडिलांना असेल तर त्यांना प्रेमाने सांगा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि नव्याकोऱ्या बूस्टरमध्येही दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते.

आठवड्याने मास्टर सिलिंडरचे आणि बूस्टरचे नट पुन्हा आवळून बघा आणि ऑइलच्या पातळीला मार्करने खूण करा.

सध्या मात्र दोनच गोष्टी करून कळवा: बूस्टरची नळी बंद केल्यावर इंजिन चावीने झटकन बंद होतं का, आणि मास्टर सिलिंडरच्या खालच्या जोडाचा टॉर्च मारून काढलेला फोटो. त्याआधी बूस्टरची ऑर्डर देऊ नका.